वकिलाची कचेरी आणि तेथील माणसें



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपल्याकडे म्हणतात. आणि असें म्हणणारींच माणसें पुढें वाटणीसाठीं, बांधासाठीं, नाहींतर न वटलेल्या चेकसाठीं ती पायरी चढतांना दिसतात. त्या पायरीच्या आधीं आणखी एक पायरी लागते, ती वकिलाच्या कचेरीची. तिच्याविषयीं मात्र कोणी कांहीं बोलत नाहीं. वकील कसा बोलतो, फी किती घेतो, न्यायाधीशांपुढें त्याचें वजन किती, ह्याची चर्चा घरोघर चालते. पण त्याच्या टेबलामागच्या कपाटांत काय आहे, त्याची डायरी कोण लिहितो, त्याच्या कारकुनाला पगार कोणत्या तारखेला मिळतो, हें विचारणारा पक्षकार मला अद्याप भेटलेला नाहीं. ह्या न विचारल्या जाणाऱ्या गोष्टींविषयींच आज मी बोलणार आहें.

मी शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. कायद्याची एकहि परीक्षा मीं दिलेली नाहीं. मग हा उपद्व्याप कशाला, असें कोणी विचारील. त्याला दोन कारणें आहेत. नोकरींतून मोकळा झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी, सोलापुरांतच वकिली करणारा, माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वर्गांत चाळीस पोरं होतो, पण हजेरींत कधीं चूक झाली नाहीं. माझ्या कचेरींत चारशे प्रकरणं आहेत. त्यांची हजेरी तेवढी लावून द्या." मी दुपारचा त्याच्या कचेरींत जाऊन बसूं लागलों, तो तीन वर्षें बसलों. दुसरें कारण जुनें आहे, आणि तें मला आधीं सांगितलें पाहिजे, कारण माझें सारें म्हणणें त्यांतूनच निघालेलें आहे.

१९८८ सालची गोष्ट. मोहोळ तालुक्यांतील आमच्या गांवीं आमची व भाऊबंदांची मिळून एक विहीर होती. आठवड्यांतून तीन दिवस पाण्याची पाळी आमची, चार दिवस त्यांची, असा आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज. पुढें भाऊबंदांनीं आमचा हिस्साच नाकारला, दावा झाला, आणि खालच्या न्यायालयांत आम्ही हरलों. वडिलांनीं मन घट्ट करून सोलापूरच्या जिल्हा न्यायालयांत अपील करण्याचें ठरविलें. अशा अपिलाला कायद्यानें ३० दिवसांची मुदत असते. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्या मुदतींतून वगळतात. पण तेहि नक्कल तयार होईपर्यंतचेच. तयार झालेली नक्कल न्यायालयाच्या नक्कल-विभागांत पडून राहिली, तर ते पडून राहिलेले दिवस आपल्या अंगावर येतात. आमची नक्कल तयार झाली होती. ती आणण्याची पावती वकिलांच्या कारकुनाजवळ होती. वडील दर सोमवारीं मोहोळाहून येत, कचेरींत बाकावर बसत आणि "नक्कल अजून आली नाहीं" एवढें उत्तर घेऊन परत जात. नक्कल हातीं आली तेव्हां मुदत संपून एक्केचाळीस दिवस झाले होते. विलंब माफ व्हावा म्हणून अर्ज केला. एक्केचाळीस दिवसांचा खुलासा मागितला गेला. आमच्यापाशीं खुलासा नव्हता. अर्ज नामंजूर झाला, आणि आमच्या म्हणण्यांत खरें किती व खोटें किती, हें वरच्या न्यायालयानें पाहिलेंच नाहीं. त्या उन्हाळ्यांत आमचा मळा वाळला; पुढच्या वर्षीं वडिलांनीं बैलजोडी विकली.

वकील नामांकित होते. कायदा त्यांना मुखोद्गत होता. युक्तिवादांत ते कमी पडले असें मी म्हणणार नाहीं, कारण गोष्ट युक्तिवादापर्यंत गेलीच नाहीं. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालींच रफीक विरुद्ध मुन्शीलाल ह्या प्रकरणांत म्हटलें होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. परंतु असल्या निर्णयाचा आधार घ्यावयाचा म्हटला तर पुन्हां वकील, पुन्हां मुंबईचा प्रवास, पुन्हां खर्च. विहीर गमावून बसलेल्या माणसाला तें कोठून साधावें? त्या कचेरीचें नांव मी घेत नाहीं. तेथील कारकुनाची हकीकत मात्र पुढें यावयाची आहे.

विद्यार्थ्याच्या कचेरींत गेल्यावर मीं प्रथम डायरी मागितली. तीन निघाल्या. एक वकीलसाहेबांची, एक कारकुनाची व एक ज्युनियरच्या मोबाईलमधली. आणि तिघींचें एकमेकींशीं पटत नव्हतें. एकाच दिवशीं एकच प्रकरण एका डायरीप्रमाणें करमाळ्यास होतें व दुसरीप्रमाणें माळशिरसास. मीं विचारलें, "ह्यांतली खरी कोणती?" तेव्हां उत्तर मिळालें, "अण्णांना पाठ असतं." अण्णा म्हणजे कारकून. हें 'पाठ असतं' ऐकून माझ्या पोटांत गोळा आला. आमच्या विहिरीची तारीखहि कोणाला तरी पाठ होती.

तेव्हां पहिलें काम केलें तें मुख्य डायरी एकच ठेवण्याचें. जाड पुठ्ठ्याची मोठी वही, वकिलाच्या टेबलावर, सर्वांना दिसेल अशी. ती कचेरीबाहेर जावयाची नाहीं. न्यायालयांत तारीख पडली कीं जो हजर असेल त्यानें तेथेंच, जिना उतरण्यापूर्वीं, खिसावहींत टिपून घ्यावी आणि संध्याकाळीं मुख्य डायरींत उतरवून पुढें सही करावी. नोंद तीन गोष्टींची: मागची तारीख, पुढची तारीख, आणि ती तारीख कशासाठीं. ह्या तिसऱ्या गोष्टीची हेळसांड फार होते. नुसती तारीख माहीत असलेला वकील न्यायालयांत जातो व तेथें गेल्यावर त्याला कळतें कीं आज साक्षीदार आणावयाचा होता. दिवाणी दाव्याचें समन्स पोंचल्यापासून कैफियत देण्यास ३० दिवस, फार तर ९०. ही गोष्ट प्रत्येक वकिलाला ठाऊक असते, पण ठाऊक असणें निराळें आणि पंचविसाव्या दिवशीं आठवणें निराळें. म्हणून ज्या दिवशीं मुदत संपते त्याच्या आठ दिवस आधींच्या पानावर तांबड्या शाईनें लिहावें. शाळेंत आम्ही परीक्षेची तारीख परीक्षेच्या दिवशीं फळ्यावर लिहीत नसूं.

आतां कोणी तरुण वकील म्हणतील, गुरुजी, हें सारें संगणकावर असतें. खरें आहे. न्यायालयांत दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला अंक व अक्षरें मिळून सोळांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाईलवर घातला कीं पुढची तारीख, झालेले हुकूम, सारें समोर येतें. ही सोय आमच्या वडिलांच्या वेळीं असती तर त्यांचे किती तरी सोमवार वांचले असते. पक्षकारांनींहि आपला हा क्रमांक वकिलाकडून मागून घ्यावा व घरांतील शाळकरी मुलाकडून का होईना पाहत असावें. पण एक ध्यानांत ठेवावें: जें प्रकरण न्यायालयांत दाखल झालें आहे तेवढेंच त्या यंत्राला माहीत असतें. जें अजून कपाटांत आहे त्याची मुदत यंत्राला कोठून कळणार? सोलापूर हें चादरी-टॉवेलांचें व सुताचें गांव. उधारीवर माल जातो आणि चेक परत येतात. चेक न वटल्याचें बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आंत नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोंचल्यावर समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवस. ते उलटले कीं एका महिन्याच्या आंत फिर्याद. ह्या तिन्ही मुदती फिर्यादीच्या आधींच्या. त्या मोजणारें घड्याळ कचेरीच्या भिंतीवर टांगलेलें असावें लागतें, न्यायालयांत नव्हे. माझ्या विद्यार्थ्याच्या कचेरींत आतां एक फळा आहे. जें दाखल व्हावयाचें आहे तेवढेंच त्यावर लिहितात, आणि दाखल झालें कीं पुसतात.

कागदांविषयीं थोडें. कागद जपण्याची विद्या आपल्याला परकी नाहीं. पेशव्यांच्या दप्तरांतील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते, आणि ते बांधलेले राहिले म्हणूनच रियासतकार सरदेसायांना १९३० ते १९३४ ह्या वर्षांत त्यांतून निवडीचे ४५ भाग काढतां आले. ज्यांच्या पूर्वजांनीं रोजकीर्द व खतावणी कधीं चुकविली नाहीं, त्यांच्या कचेरींत आज एखादें खरेदीखत शोधण्यासाठीं चार माणसें अर्धा दिवस धूळ खातात, हें पाहून मला हसूंहि येई व रागहि येई. अस्सल कागद शक्य तों कचेरींत ठेवूंच नयेत. पाहून, छायाप्रत घेऊन, पक्षकाराला परत द्यावेत. ठेवणें भागच असेल तर पावती द्यावी, व फाईलच्या पहिल्या पानावर यादी असावी: कागद कोणता, कोणत्या दिवशीं आला, कोणाच्या हातून आला, परत केव्हां गेला. सातबाराचा उतारा आज डिजिटल सहीनें घरबसल्या मिळतो, त्याची चिंता नाहीं. पण आजोबांच्या वेळचें मोडींतलें खरेदीखत वाळवीनें खाल्लें तर तें कोणत्याहि यंत्रांतून परत यावयाचें नाहीं.

आणि प्रकरण संपलें, किंवा पक्षकारानें वकील बदलला, तर कागद परत गेलेच पाहिजेत. फी बाकी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा ह्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे. फीसाठीं दुसरे मार्ग आहेत. फौजदारी फाईलींपुरती एक बारीक सूचना: १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, पण त्या दिवसापूर्वींच्या गुन्ह्याला जुनींच कलमें लागतात. म्हणून पुठ्ठ्यावर पक्षकाराच्या नांवाखालीं गुन्ह्याची तारीख ठळक लिहावी. तेवढ्यानें पुष्कळ गोंधळ वांचतो.

आतां माणसांकडे येऊं. खरा विषय हाच.

सोलापूरच्या एखाद्या वकिलाच्या कचेरींत सकाळीं नऊ वाजतां बसून पाहावें. अक्कलकोटकडचा शेतकरी कानडींत गाऱ्हाणें सांगतो. पूर्व भागांतील विणकराची आई तेलुगूंत रडते. कोणी दखनींत भाडेकरूला शिव्या घालतो. आणि मंगळवेढ्याचे एक सद्गृहस्थ शुद्ध मराठींत काय तें स्पष्ट सांगत नाहींत. वकीलसाहेब अजून आंत स्नान करीत असतात. ह्या सर्वांना बसवून, ऐकून, कोणाचें काम आज आहे व कोणाचें उद्यां, हें ठरविणारा माणूस म्हणजे कारकून. त्याला चारहि भाषा येतात, त्या कोणत्याहि कॉलेजांत न शिकतां. मुद्रांक किती लागतो, कोणत्या न्यायालयांत कागद कोणत्या खिडकीवर द्यावयाचा, कोणता शिरस्तेदार सकाळीं बरा असतो व कोणता जेवणानंतर, हें ज्ञान त्याच्याजवळ असतें. वकिलाचें नांव पाटीवर असतें, कारकुनाचें कोठेंच नसतें. ह्याच सोलापूरच्या न्यायालयांत १९५७ ते १९६५ पर्यंत साधी नोकरी करणारे सुशीलकुमार शिंदे पुढें राज्याचे मुख्यमंत्री व केंद्रांत गृहमंत्री झाले, हें मी वर्गांत मुलांना सांगत असें. खालच्या जागेवर बसलेल्या माणसाची योग्यता त्या जागेवरून मोजूं नये, एवढ्यासाठीं.

त्या माणसाला आपण पगार कसा देतों? कित्येक कचेऱ्यांत नांवाला थोडें देतात, आणि बाकीचें त्यानें पक्षकारांकडून 'चहापाणी' म्हणून मिळवावें अशी न बोललेली समजूत असते. मला ही चाल घातक वाटते. ज्याचें पोट पक्षकाराच्या खिशावर आहे तो चहा देणाऱ्याची फाईल वर ठेवणार आणि न देणाऱ्याची खालीं. त्यांत त्याचा दोष काय? आणि खालीं गेलेली फाईल बहुधा गरिबाची असते. पगार पुरेसा असावा व महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशीं, न मागतां, हातांत पडावा. वकिलाची मिळकत अनियमित असते हें मला मान्य आहे. एखादा महिना कोरडा जातो. पण ती अनियमितता वकिलानें सोसावी, कारकुनाच्या चुलीनें नव्हे. केरळांत वकिलांच्या कारकुनांसाठीं कल्याण निधीचा कायदा २००३ सालीं झाला. आपल्या कचेरींत तसें कांहीं करावयास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पोस्टांत अगर बँकेंत कारकुनाच्या नांवानें दरमहा थोडी रक्कम टाकीत गेल्यास म्हातारपणीं तो बाकावर बसून दिवस काढणार नाहीं.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पक्षकाराचें गुपित न फोडण्याचें बंधन वकिलावर घातलें होतें, आणि १२७ व्या कलमानें तेंच बंधन त्याच्या दुभाष्यांवर, कारकुनांवर व नोकरांवर घातलें होतें. त्या कायद्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमांतहि तें कायम आहे. म्हणजे कायद्यानें कारकुनाला वकिलाच्या शेजारीं बसविलें आहे. वकिलानें मात्र त्याला हें सांगितलेलें नसतें. नवा माणूस कामावर आला कीं पहिल्याच दिवशीं त्याला समोर बसवून हें कलम मराठींत वाचून दाखवावें. सोलापूरसारख्या गांवांत प्रत्येकजण कोणाचा तरी मावसभाऊ असतो. उपाहारगृहांत सहज काढलेला एक शब्द, किंवा मोबाईलवर भलत्याच गटांत गेलेलें कागदाचें एक छायाचित्र, घटस्फोटाच्या प्रकरणांतील एखाद्या मुलीचें जिणें नकोसें करूं शकतें.

आतां ती राहिलेली हकीकत. दहा-बारा वर्षांपूर्वीं जानेवारींत, गड्ड्याच्या यात्रेंत, सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं एका वृद्ध गृहस्थानें मला हांक मारली. मीं ओळखलें नाहीं. त्यांनींच सांगितलें, आमच्या विहिरीच्या वेळचे ते कारकून. बाजूला घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वडिलांचं एक देणं माझ्याकडं राहिलंय." मग त्यांनीं जें सांगितलें तें असें. पावती सदऱ्याच्या खिशांत राहून सदरा धुण्यांत गेला. पावतीचा लगदा झाला. हें त्यांच्या ध्यानांत आलें तेव्हां मुदतीचे दहा दिवस अजून शिल्लक होते. नक्कल-विभागाच्या नोंदवहींतून क्रमांक काढून नक्कल मिळवितां आली असती. कामहि अर्ध्या दिवसाचें. पण त्यासाठीं वकीलसाहेबांना सांगावें लागलें असतें. आणि त्याच आठवड्यांत एका टंकलेखनाच्या चुकीवरून साहेबांनीं त्यांना पंधरा पक्षकारांसमोर नाहीं नाहीं तें बोललें होतें. त्यांतून दोन महिन्यांचा पगार राहिलेला. चुकीचें निमित्त होऊन तोहि जाईल ही धास्ती. आज सांगूं, उद्यां सांगूं, असें करतां करतां ते दहा दिवस गेले. "तुमचे वडील दर सोमवारीं बाकावर बसायचे, तेव्हां मी आंतल्या खोलींत जाऊन उभा राहायचों," असें ते म्हणाले. मीं त्यांना भज्यांच्या दुकानांत नेलें. वडील तोंवर वारले होते. त्यांच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार मला होता कीं नाहीं, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

परंतु कचेरीच्या व्यवस्थेपुरतें मला त्या दिवशीं जें कळलें तें मीं विद्यार्थ्याच्या कचेरींत लागू केलें. चूक त्याच दिवशीं सांगणाऱ्याला शब्दानेंहि बोलावयाचें नाहीं. लपविलेली चूक मात्र मोठी समजावयाची. कोणालाहि रागवावयाचें तर पक्षकार गेल्यावर, दार लावून. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार असावा: अण्णांना ताप आला तर नक्कल कोण आणील, हें आधींच ठरलेलें. शाळेंत एक शिक्षक रजेवर गेला तर त्याचा तास दुसऱ्याकडे देण्याची वही असते. तशीच वही येथेंहि असावी. आणि पावत्या खिशांत नव्हे, भिंतीवरच्या एका फळीवर, खिळ्यांना ओळीनें. पावती आणणाऱ्याची एक सही, पाहणाऱ्याची एक.

ज्युनियर वकिलांविषयीं फार बोलत नाहीं, कारण तो विषय त्यांच्या-त्यांच्या वरिष्ठांना झोंबणारा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानें ऑक्टोबर २०२४ मध्यें शहरी भागांत दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागांत १५,००० रुपये विद्यावेतन द्यावें अशी शिफारस केली. हुकूम नव्हे, शिफारस. दयानंद विधी महाविद्यालयांतून दरवर्षीं मुलें-मुली बाहेर पडतात. त्यांतील ज्यांच्या घरीं आधींपासून वकिली नाहीं तीं दोन-तीन वर्षें फुकट राबतात व मग बँकेच्या परीक्षेला बसतात. सर्वांना वीस हजार देणें जमणार नाहीं हें मी जाणतों. पण निदान जाण्यायेण्याचा खर्च, आणि महिन्यांतून एखादें प्रकरण स्वतः उभें राहून चालविण्याची संधि, एवढें तर देतां येईल. मुली कामावर असतील तर आणखी एक गोष्ट. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या कचेरींत २०१३ च्या कायद्याप्रमाणें तक्रारींसाठीं अंतर्गत समिति हवी. त्याहून लहान कचेरींतल्या मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातां येतें. हें तिला माहीत असावें, म्हणून भिंतीवर लावून ठेवावें. तिला संध्याकाळीं उशीरपर्यंत थांबवून घेऊं नये, हें सांगावयास कायदा लागूं नये.

पैशाचा हिशेब ही शेवटची मोठी बाब. पक्षकाराकडून आलेला पैसा फीचा किती व खर्चाचा किती, हें नोंदींत वेगळें दाखविलें पाहिजे, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. पण बहुतेक कचेऱ्यांत मुद्रांकाचे, नकलेचे, टपालाचे व फीचे पैसे एकाच ड्रॉवरमध्यें पडतात. मग महिनाअखेर वकिलाला वाटतें आपण मिळविलें, आणि पक्षकाराला वाटतें आपल्याला लुटलें. दोघेहि चुकलेले असतात. दोन रकान्यांची कीर्द ठेवावी, प्रत्येक रकमेला पावती द्यावी, आणि ही कीर्द वकिलानें स्वतः लिहूं नये. गांधीजींच्या जोहान्सबर्गच्या कचेरींत सोन्या श्लेसिन नांवाची एक मुलगी सतराव्या वर्षीं टंकलेखिका म्हणून आली. पुढें सत्याग्रहांत पुढारी तुरुंगांत गेले तेव्हां मोठमोठ्या रकमांचा हिशेब तिनें एकटीनें सांभाळला. तिला वकिलीची उमेदवारीहि करावयाची होती. परंतु ती स्त्री असल्यामुळें तेथील वकिलांच्या संस्थेनें परवानगी नाकारली. विश्वास टाकला तर माणूस किती भार उचलूं शकतो ह्याचें उदाहरण म्हणून मला ती नेहमीं आठवते. पण तिच्या बाबतींतहि हिशेब लिहिलेला होता, तोंडी नव्हता.

आपल्याकडे पुष्कळ वकिलांची कचेरी घराच्या पुढच्या खोलींतच असते, म्हणून घरच्या मंडळींना दोन शब्द. पक्षकार जेवणाच्या वेळीं येतो, कारण त्याची एसटी त्या वेळीं येते. त्याला पाणी द्यावें, बसवावें; प्रकरणाविषयीं मात्र घरच्यांनीं "होय, होईल" असें चुकूनहि म्हणूं नये. वहिनींनीं सहज दिलेला धीर पक्षकाराच्या कानीं वचन होऊन पडतो. भेटीची वेळ दारावर लिहिलेली असावी व ती वकिलानें स्वतः पाळावी. आलेला फोन कोणाचा, किती वाजतां, कशाविषयीं, हें लिहिण्यासाठीं फोनपाशीं दोरीनें बांधलेली एक वही व एक पेन्सिल असावी. दोरी अशासाठीं कीं, घरांत मुलें असतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती ह्या गांवापुरती ताजी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरास बसूं लागलें आणि आपला सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. मुंबईच्या चारशे किलोमीटरांऐवजीं आतां सुमारें अडीचशे किलोमीटरांचा प्रवास. सोय झाली, पण कचेऱ्यांवर एक काम येऊन पडलें. उच्च न्यायालयांतील आपलीं प्रकरणें कोणतीं, त्यांचे कागद मुंबईच्या कोणत्या वकिलाकडे आहेत, त्यांतील कोणतीं कोल्हापुरास आलीं, तेथें उभें कोण राहणार, ह्याची यादी करून प्रत्येक पक्षकाराला पत्रानें कळवावें लागतें. माझ्या विद्यार्थ्याच्या कचेरींत अशीं एकोणतीस प्रकरणें निघालीं. त्यांतील दोन पक्षकार हयात नव्हते, आणि एकाच्या मुलाला आपल्या वडिलांचें अपील चालूं आहे हेंच ठाऊक नव्हतें. तो मुलगा पत्र घेऊन कचेरींत आला तेव्हां अण्णांनीं त्याला बाकावर बसूं दिलें नाहीं. आंत नेलें, फाईल काढली व शेजारीं बसवून पानन् पान दाखविलें.

अण्णांचें वय आतां माझ्याएवढें झालें आहे, पण रोज संध्याकाळीं सात वाजतां मुख्य डायरी उघडून ते उद्यांचें पान मोठ्यानें वाचतात. वकीलसाहेब, दोन्ही ज्युनियर आणि चहा आणणारा पोऱ्या, सारे बसून ऐकतात. पंधरा मिनिटांचें काम. गड्ड्याच्या दिवसांत तेवढें तें सहाला उरकून घेतात, कारण अण्णांना नातवंडांना यात्रेला न्यावयाचें असतें.